सतरा किलोचा कटला आणि इतर मिळकतीची वाटणी

मी, मोतीराम फकिरा हिवराळे, वय वर्षे बहात्तर, धंदा मच्छीमारी, राहणार मौजे नवी शेवगी, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओट्यावर बसून, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. कन्नडच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे, हेही सांगितलं. त्यावर त्यांनी पुढचं काही न विचारता सही केली आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सून रत्नमाला सकाळी एवढंच म्हणाली, "मामा, लिह्याचं आसंल तं आजच लिहा. उद्या मला पहाटं जाळं काढायचंय, तुमच्या कागदाला येळ नाय." याला दबाव म्हणत नाहीत.

वकिलांनी मला तीन गोष्टी बजावल्या. कागदावर खाडाखोड करायची नाही. साक्षीदार दोन पाहिजेत. आणि साक्षीदाराला या कागदातून काही मिळता कामा नये, नाहीतर पुढे भांडणं लागतात. ही तिसरी गोष्ट मी समाजमंदिराच्या पायरीवर सगळ्यांना सांगितली, तेव्हा जमलेली नऊ माणसं एकेक करून उठली आणि कामाला लागली. माझ्या मिळकतीवर एवढ्या लोकांचा डोळा आहे हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

त्यामुळे साक्षीदार म्हणून मी दोघांना घेतलं आहे. एक बद्रीनाथ, आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याला काहीच द्यायचं नसल्यामुळे अडचण नाही. दुसरा चांदपाशा, जो आमची मासळी मोटरसायकलवर सिल्लोडच्या बाजाराला नेतो. तो चहावर तयार झाला.

माझी पत्नी कडूबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा संघपाल वाळूजला कंपनीत आहे. तो शनिवारी येतो आणि रविवारी जातो, आणि मधल्या वेळात घराला मासोळीचा वास येतो असं सांगतो. सून रत्नमाला आणि नात रूपाली माझ्याजवळ राहतात.

आता हा कागद आत्ताच का, ते लिहितो. आमच्या धरणात सोसायटीला तरंगते पिंजरे मिळणार आहेत. पिंजऱ्यात मासे पाळायचे आणि वाढले की विकायचे, म्हणजे जाळ्याच्या नशिबावर बसायला नको. पण पिंजरा त्यालाच मिळणार, ज्याचं नाव सभासदांच्या नोंदवहीत आहे आणि जो स्वतः पाण्यात उतरतो. संघपालने सांगून टाकलं आहे की रत्नमालेच्या नावावर पिंजरा आला तर ती आणि रूपाली गावात राहतील. नाही आला, तर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून सगळ्यांनी वाळूजला यायचं आणि रत्नमालेने तिथे खोके बांधण्याच्या कामाला लागायचं. गावात एकशे चार घरं आहेत. त्यातल्या एकेचाळीस घरांना आजच कुलूप आहे. बेचाळिसावं माझं होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. शिवाय वाळूजला मी दिवसभर बघायचं तरी काय? तिथलं पाणी नळाला येतं, तेही तासभर.

सबब माझ्या मिळकतीची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे करतो.

कलम १. पुनर्वसनात मिळालेलं तीन खोल्यांचं घर संघपाल आणि रत्नमाला यांना निम्मं-निम्मं. घर विकायचं असेल तर दोघांची सही लागेल, आणि रत्नमाला सही करणार नाही हे मला माहीत आहे. पुढच्या खोलीतला पंखा तीन नंबरवरच चालवावा. चारवर नेला की तो छताशी बोलायला लागतो. धरणाकडची खिडकी बुजवून तिथे कपाट करण्याचं संघपालच्या मनात आहे. तसं केल्यास त्याचा अर्धा हिस्सा पंख्यासह रूपालीकडे जाईल.

कलम २. गाळपेरीची जमीन. धरण झालं तेव्हा माझी चार एकर काळी जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्याबरोबर जुनी शेवगीही गेली. सरकारने आम्हा धरणग्रस्तांना मच्छीमार सोसायटीत सभासद करून घेतलं. सोमवारी मी शेतकरी होतो, मंगळवारी मच्छीमार झालो. मला कोणी विचारलं नाही. माशांनाही विचारलं नसावं.

पण दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी पाणी ओसरतं आणि माझं शेत चार महिने वर येतं. सरकार तो गाळ पेरायला भाड्याने देतं. कागदावर कोणाला कुठला तुकडा येतो ते आम्ही बघत नाही. गावाची रीत अशी की ज्याने त्याने आपलं बुडालेलं शेतच पेरायचं. मी तिथे टरबूज, काकडी आणि उन्हाळी भुईमूग घेतो, आणि त्या चार महिन्यांत माझे गुडघे दुखत नाहीत. वकील म्हणाले, "जमीन सरकारची आहे, ती तुम्हाला देता येणार नाही." मी म्हणालो, "जमीन देत नाही, ओळख देतो." तर ओळख अशी: जुन्या विहिरीच्या कठड्यापासून लिंबाच्या खोडाकडे बावन्न पावलं, तिथून आपला बांध सुरू होतो. पावलं माझी धरावीत. संघपाल ढांगा टाकतो, तो चांदपाशाच्या शेतात जाईल.

कलम ३. खोरं. हे खोरं बद्रीनाथने अकरा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेलं. मी ते त्यालाच देऊन टाकणार होतो, म्हणजे परत न करण्यातली त्याची मजा गेली असती. पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही घेता येत नाही. म्हणजे आता त्याला खोरं परत करावंच लागेल. हा कायदा मला फार आवडला.

कलम ४. नारिंगी जाकीट. पाण्यात बुडू नये म्हणून सोसायटीने प्रत्येक सभासदाला एक दिलं. इतरांची जाकिटं घरात खुंटीवर आहेत. माझं मी वापरतो. सभेला, बाजाराला, एसटीत आणि गाळपेरीला भुईमूग खुरपतानाही ते माझ्या अंगात असतं. लोक हसतात. पण पाणी कधी येईल हे धरणाला विचारून कोणाला कळलं आहे? ते संघपालला द्यावं. त्यालाही पोहता येत नाही.

कलम ५. सतरा किलोचा कटला. पाच वर्षांपूर्वी मी धरणातून सतरा किलोचा कटला काढला. माझा त्याच्यासह फोटो तालुक्याच्या पेपरात आला होता, तो फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला आहे. फोटोत मी जाकीट घातलेलं आहे आणि माशाचं तोंड उघडं आहे. तो भिंतीवरून काढू नये. पाहुण्यांनी विचारलं नाही तरी त्यांना माशाचं वजन सांगावं.

कलम ६. तक्रार. रत्नमालेला माझ्याऐवजी सभासद करून घ्यावं म्हणून आम्ही दोन वर्षांत तीनदा प्रयत्न केला. चेअरमन बद्रीनाथने तिन्ही वेळा अडवलं. बाया पाण्यात टिकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट मी मेल्यावरही विसरणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ७. सभासदत्व. आमच्या सोसायटीत एका घरात एकच सभासद. माझं सभासदत्व, थर्माकोलचा तराफा, वल्हं, चार जाळी आणि धरणात माझा जो दबदबा आहे तो, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर रत्नमालेला मिळावं. तिला मासेमारी थोडीफार येते. मीच शिकवली आहे.

कलम ८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. पुण्यानुमोदनाला लांबलचक भाषणं नकोत. माझी राख कोणत्याही परिस्थितीत धरणात टाकू नये. ती माझ्या शेतात टाकावी, तेही मार्चमध्ये, जमीन नीट वाळल्यावर. पावसाळ्यात तिथे पाणी येणार हे मला माहीत आहे. तोवर मी मुरलेलो असेन.

येथे मृत्युपत्र संपलं.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

मृत्युपत्र वर संपलं होतं, पण साक्षीदार आले.

साक्षीदाराने फक्त माझी सही होताना बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असं मी बद्रीनाथला सांगितलं. तो म्हणाला, "म्या ग्यासच्या पावतीवर बी न वाचता सही करत नाय." आणि कागद घेऊन मोठ्याने वाचायला लागला. खोऱ्याचं कलम त्याने खाकरत वाचलं. रत्नमाला चहाचं ताट घेऊन दारात उभी राहिली. सहाव्या कलमाला तो थांबला, परत एकदा मनात वाचलं, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"मोतीभाऊ, फारम तुमच्याच पेटीत हाय ना?"

मी विचारलं, कोणता फॉर्म?

"सभासद बदलायचा. तीन बार म्या सोता आनून दिला. जुन्या सभासदाची सही लागती, करून धाडा म्हनलं. तुमी म्हनले, उद्या धाडतो. आन् मी बायांला घेत नाय? पाच बाया हायेत सोसायटीत. त्यात एक माझी भईन हाय."

मी म्हणालो, चहा गार होतोय. पण ताट अजून रत्नमालेच्या हातातच होतं.

ती म्हणाली, "मामा, दोन वर्सं झाली, मी यांच्या घरी पानी बी पिले नाय. समोरून आले तं तोंड फिरवते. तुमी सांगितलं म्हनून."

बद्रीनाथने पुढे वाचलं. सातव्या कलमातलं "मीच शिकवली आहे" हे वाक्य आलं आणि चांदपाशाला जोराचा ठसका लागला. त्याने रिकामाच ठसका काढला, चहा अजून कोणाला मिळाला नव्हता.

"मोतीभाई," तो म्हणाला, "सच बोलू का? तुमाला पान्यात मी एकच डाव पाह्यलं. ते बी उलट्या करताना."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं?

"सांगायचं काय त्यात? पहाटं आख्खं गाव पान्यावर आसतं. आमी आंधळे हाय का? पह्यले भाबी जायच्या, आता रत्नमाला जाती. तुमी कडंला बसून सोताचं नाव सांगता."

मी एकतीस वर्षं जपलेली गोष्ट गावाला एकतीस वर्षं माहीत होती. मी बद्रीनाथला विचारलं, मग कोणी बोललं का नाही? तो म्हणाला, "कडूबाई वयनीनं सांगून ठिवलं व्हतं. म्हनल्या, मालकाला पान्याचं भ्या हाय, पन त्याहून लाजंचं भ्या जास्त हाय. ऱ्हाऊ द्या."

वकिलांनी खाडाखोड करू नका म्हणून सांगितलं आहे, त्यामुळे वरचं खोटं तसंच ठेवून खरं खाली लिहितो.

सभासद झाल्यावर पहिल्याच दिवशी मी तराफ्यावर बसलो. तो पुढे जाईना, जागेवरच गोल फिरायला लागला. चौथ्या फेरीला मला उलटी झाली आणि सातव्या फेरीला मी ओरडलो. कडूबाई काठावर धुणं धूत होती. तिचं माहेर नदीकाठचं. ती कमरेइतक्या पाण्यात आली, मला लहान पोरासारखं उचलून काठावर ठेवलं, स्वतः तराफ्यावर बसली आणि दुपारपर्यंत दोन मरळ घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून तीच गेली. पंचवीस वर्षं गेली. मी टोपली उचलून वजनकाट्यावर न्यायचो आणि माझं नाव सांगायचो. शेवटची तीन वर्षं तिने रत्नमालेला बरोबर नेलं. ती गेल्यावर रत्नमाला एकटी जाते. कटलाही तिनेच काढला. तिचं बोट जाळ्यात कापलं होतं, ते बांधायला ती घरात गेली, तेवढ्यात पेपरवाला आला आणि मासा माझ्या हातात होता.

कडूबाईचं नाव सोसायटीच्या कुठल्याही कागदावर कधी लागलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य मी सहा वर्षांत कोणाजवळ बोललो नाही, ते आता दोन साक्षीदारांसमक्ष लिहीत आहे.

फॉर्मवर सही का केली नाही, तेही लिहितो. सही केली की मी सभासद राहत नाही. म्हणजे वार्षिक सभेत खुर्ची नाही, अंगात जाकीट नाही, आणि कोणी धंदा विचारला तर सांगायला काही नाही. शेत पाण्याने घेतलं. मच्छीमारही नाही म्हटल्यावर मी कोण, हा प्रश्न मला पेटी उघडली की पडायचा. मग मी पेटी बंद करायचो. यात रत्नमालेचं काय होतंय, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

बद्रीनाथ म्हणाला, "जाऊ द्या. तुमी मेल्यावर सभासद करायचं लिहिलंय. पिंजऱ्याची यादी महिनाअखेर बंद होनार. तुमी तवर मरता का?"

मी डॉक्टरांचा दाखला दाखवला. त्यात ठणठणीत लिहिलेलं आहे.

"मंग मरायचं काहून?" चांदपाशा म्हणाला. "सही करा ना."

मी आत जाऊन पेटी आणली. तीन फॉर्म निघाले. एक उंदराने खाल्ला होता, एकावर मी टरबुजाच्या बिया वाळत घातल्या होत्या, एक चांगला होता. त्यावर मी सही केली. सही ओळखू येते. फॉर्ममध्ये एक रकाना होता: मासेमारीचा अनुभव किती वर्षे व तो कोणाकडून घेतला. मी पेन रत्नमालेकडे दिला. मला वाटलं, माणसं बसली आहेत, माझी लाज राखायला ती माझं नाव घालेल. खरं सांगायचं तर तशी आशाही होती. तिने ताट खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: नऊ वर्षे, सासूबाई कडूबाई मोतीराम हिवराळे यांच्याकडून. बद्रीनाथने पिशवीतून शिक्का काढला आणि तिथे मारला, जरा जास्तच जोरात. मग मी अंगातलं जाकीट काढून सोसायटीला परत म्हणून त्याच्याकडे दिलं. उकडत नव्हतं, तरी बरं वाटलं.

सबब कलम ४ आणि कलम ७ आता लागू नाहीत. कलम ६ मधली तक्रार बद्रीनाथवरची नसून माझ्यावरची समजावी. कलम ५ मधला फोटो भिंतीवर राहावा, पण मासा कोणी काढला ते रूपालीने खाली सुवाच्य अक्षरात लिहावं. कलम ३ मात्र पूर्णपणे कायम आहे. संघपालला फोन केला. तो म्हणाला, "म्हंजे खिडकी बुजवायची नाय तर."

रत्नमालेने साक्षीदारांना चहा दिला. मला दिला नाही. मी मागितलाही नाही. ताट उचलून ती आत गेली, भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजली, आणि थोड्या वेळाने ती एक कप घेऊन बाहेर आली. माझ्यापुढे ठेवला, पण हात कपावरून काढला नाही.

"मामा, पिंजरा आला तं त्याच्यावर दिवसभर ध्यान ठिवायला मानूस लागंल. मी एकटी कुठं कुठं बघू? पान्यात नाय, कडंला बसायचं. जमंल का?"

मी म्हणालो, जमंल. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ज्याअर्थी या कामाला मुदत घातलेली नाही, त्याअर्थी हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये.

ठिकाण: नवी शेवगी, घराचा ओटा
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५

सही: मोतीराम फकिरा हिवराळे

साक्षीदार १: बद्रीनाथ. मजकूर पूर्ण वाचला. कलम तीन मान्य नाही.

साक्षीदार २: चांदपाशा. सही होताना बघितली. चहा मिळाला.